मुलामा दिलेली काच आणि प्रोस्टेटमधली गाठ: एक प्रकरण अभ्यास

उपचाराच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या शिरेतून एक हिरवट द्रव सावकाश चढवतात. ट्रेहॅलोज नावाची साखर विरघळवलेलं पाणी आणि त्यात तरंगणारे कण, एवढंच त्यात असतं. प्रत्येक कण साधारण १५० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीत असे पन्नासेक ओळीने मावतील. आत सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा गोळा, वर सोन्याचा पातळ थर, आणि त्यावर रक्तात लवकर ओळखू येऊ नये म्हणून पीईजी या बहुवारिकाची झूल. दुसऱ्या दिवशी भूल देतात. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागातून सुईच्या वाटेने लेझरचा तंतू थेट प्रोस्टेटमधल्या गाठीत नेतात आणि ८१० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा प्रकाश सोडतात. लेझरची ताकद मुद्दाम बेताची ठेवलेली असते, नुसत्या ऊतीला ती भाजणार नाही इतकी. जिथे सोनं साचलंय तिथे मात्र तोच प्रकाश उष्णता होऊन बसतो.

ही चाचणी अमेरिकेत झाली. तिचे पहिले निष्कर्ष अर्दशीर रस्तीनेहाद आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापले. रुग्ण १६, सगळे ५८ ते ७९ वयाचे, सगळ्यांचा कर्करोग प्रोस्टेटपुरता आणि कमी किंवा मध्यम जोखमीचा. १६ पैकी १५ जणांमध्ये ठरवलेलं भाजण्याचं काम पार पडलं.

संकरित नॅनोपदार्थांबद्दल वाचायला बसलं की दर दुसऱ्या लेखात एकच आश्वासन भेटतं: एकच कण गाठ शोधेल, दाखवेल आणि मारेलही. एका दगडात दोन पक्षी. उंदरांवरच्या अशा यशांना तोटा नाही. माणसाच्या शिरेपर्यंत पोहोचलेले कण मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. म्हणून हेच प्रकरण निवडलं. त्यात यश आहे, पण ते यश नेमकं कशाचं हे पाहायला गेलं तर त्या आश्वासनाला चांगलाच तडा जातो.

कण कसा घडला

सोन्याचे साधे, भरीव नॅनोकण पाण्यात लाल दिसतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला झुलून साथ देतात आणि तो शोषून घेतात. वैद्यकाच्या दृष्टीने ही पंचाईत आहे, कारण हिरवा प्रकाश शरीरात शिरतच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला वाटेतच गिळतं. अंधारात तळहातामागे विजेरी धरली तर बोटं लाल उजळतात, ते याचमुळे. तांबड्याच्या पलीकडे, ढोबळमानाने ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिमोग्लोबिनही थोडं शोषतं आणि पाणीही थोडं. शरीरात प्रकाशाला शिरायला मिळणारी खिडकी ती एवढीच.

सोनं या खिडकीत कसं आणायचं? ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास यांच्या गटाने १९९०च्या दशकात त्याचं उत्तर शोधलं: सोनं भरीव ठेवू नका, कवच करा. आतल्या सिलिकाचा व्यास आणि वरच्या कवचाची जाडी यांचं प्रमाण बदललं की कण कोणता प्रकाश शोषणार हे बदलतं. कवच जितकं पातळ, तितकं शोषण तांबड्याकडे आणि त्याच्याही पलीकडे सरकतं. कारण कवचाला दोन पृष्ठभाग असतात, आतला आणि बाहेरचा. दोन्हींवरची इलेक्ट्रॉनांची आंदोलनं पातळ कवचातून एकमेकांना जाणवतात आणि त्यांच्या मिसळणीतून नवी आंदोलनं तयार होतात. २००३ मध्ये या गटाने हे गणित मांडलं तेव्हा त्याला नावही ‘संकरण’ असंच दिलं. तेव्हा हा कण दोन अर्थांनी संकरित आहे: काच आणि सोनं यांचा, आणि दोन आंदोलनांचाही.

सोनाराचा मुलामा खालचा धातू झाकण्यासाठी असतो. इथे उलटं घडतं. खाली काच किती आहे यावर वरच्या सोन्याचा रंग ठरतो.

हा मुलामा चढवण्याची कृती बघण्यासारखी आहे. अल्कोहोल, थोडं पाणी, अमोनिया आणि सिलिकॉनचं एक सेंद्रिय संयुग ढवळत ठेवलं की सिलिकाचे सारख्या आकाराचे गोळे तयार होतात. ही रीत १९६८पासून ठाऊक आहे. पण सोनं काचेला आपणहून चिकटत नाही. म्हणून गोळ्यांवर आधी सिलेन या सिलिकॉनच्या संयुगाचा, सोन्याला धरून ठेवणारे अमाइन गट असलेला एक थर चढवतात. या अमाइनांना धरून सोन्याचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण बसतात आणि गोळा ठिपक्याठिपक्यांचा होतो. मग सोन्याच्या क्षाराचं द्रावण आणि फॉर्माल्डिहाइडसारखा क्षपणक, म्हणजे क्षारातून धातू सुटा करणारं रसायन घालतात. सोनं त्या ठिपक्यांवरच उतरत जातं. ठिपके फुगतात, बेटं होतात, बेटं एकमेकांना भिडतात आणि शेवटी कवच अखंड होतं. भांड्यातला रंग डोळ्यांदेखत जांभळ्याकडून निळ्याकडे आणि तिथून हिरव्याकडे सरकतो. पुढे मोजमाप करायला यंत्रं आहेतच, पण कवच मिटलं की नाही याचा पहिला अंदाज नुसत्या रंगावरून येतो. चाचणीत वापरलेल्या कणात सिलिकाचा गाभा साधारण १२० नॅनोमीटरचा आणि सोन्याचं कवच पंधराएक नॅनोमीटरचं होतं.

हालास आणि जैवअभियंता जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी मिळून २००३ मध्ये उंदरांच्या गाठींत हे कण टोचून वर लेझर टाकला. चार ते सहा मिनिटांत गाठीचं तापमान सरासरी ३७ अंश सेल्सिअसने वाढलं. कण नसलेल्या गाठीत तोच लेझर जेमतेम ९ अंशांची भर घालू शकला. पुढच्याच वर्षी कण शिरेतून देऊन केलेल्या प्रयोगात लेझर पडलेल्या उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या आणि ९० दिवसांनंतरही परतल्या नव्हत्या.

प्रोस्टेटच का

२००४ ते २०१९. पंधरा वर्षं कुठे गेली, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तराचा मोठा भाग अंतराचा आहे. उंदराची गाठ कातडीखाली, काही मिलिमीटरवर असते. माणसाची गाठ खोल असते, आणि त्या खिडकीतला प्रकाशसुद्धा ऊतीत एक-दोन सेंटिमीटर गेला की विरत जातो. २००८ मध्ये माणसांवरचा पहिला प्रयत्न सुरू झाला तो डोकं आणि मान या भागातल्या, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींवर. तिथे प्रकाश पोहोचवणं सोपं होतं, पण आजार फार पुढे गेलेला होता.

प्रोस्टेटची निवड मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. ही ग्रंथी छोटी, जागची न हलणारी आणि बाहेरून सुईने गाठता येण्याजोगी. बायोप्सीसाठी तिथवरची वाट डॉक्टरांच्या हाताला सरावाची. आणि सध्याच्या उपचारांची किंमत रुग्णाला फार जड जाते: ग्रंथी काढली किंवा तिच्यावर पूर्ण किरणोपचार केले तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्हींवर घाला येऊ शकतो, कारण लिंगाकडे जाणाऱ्या नसा आणि मूत्रमार्गाची झडप ग्रंथीला अगदी लागून आहेत. गाठ एका कोपऱ्यात असेल तर तेवढाच कोपरा भाजून बाकीचं वाचवावं, हा विचार इथे आधीपासून होताच.

घाई मात्र केली नाही. आधी ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढायचीच होती अशा काही पुरुषांना कण दिले गेले. नंतर काढलेली ग्रंथी तपासून सोनं तिथे पोहोचलं का आणि काही अपाय झाला का, हे पाहिलं. रुग्णाच्या दृष्टीने याहून सुरक्षित पहिली पायरी सुचणं कठीण.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या लेखी ही चाचणी औषधाची नव्हती, उपकरणाची होती. कण कोणतीही रासायनिक क्रिया करत नाही, प्रकाश घेतो आणि ऊब देतो. शिरेतून थेंबथेंब चढणारं उपकरण! ऐकायला गंमतीचं वाटतं, पण तर्क चोख आहे.

हाती काय लागलं

उपचारानंतर ४८ ते ७२ तासांत एमआरआय, तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात भाजलेल्या जागेची नेम धरून बायोप्सी, आणि बाराव्या महिन्यात जोडीला संपूर्ण ग्रंथीचे नेहमीचे बारा तुकडे. लघवीच्या तक्रारी आणि लैंगिक आरोग्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांच्या गुणांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. पहिल्या लेखाचा दावा तेवढाच होता: करता येतं आणि सुरक्षित दिसतं. लेखकांनी त्याहून मोठं काही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. डांगोरा पिटला तो नंतरच्या बातम्यांनी.

२०२३ मध्ये मोठ्या गटाचे आकडे आले. उपचार पूर्ण झालेल्या ४४ जणांपैकी ३२ जणांच्या भाजलेल्या जागेत बारा महिन्यांनी बायोप्सीत कर्करोग सापडला नाही. म्हणजे ७३ टक्के. उरलेल्या बारांमध्ये सापडला.

हा आकडा चांगला की वाईट? तुलनेचा गटच नसल्यामुळे याचं सरळ उत्तर देता येत नाही, आणि मला या चाचणीत सर्वांत जास्त खटकतं ते हेच. कमी जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग फार सावकाश चालतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखं निगराणी, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटलं होतं. पंधरा वर्षांनी प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेले तिन्ही गट मिळून तीन टक्क्यांच्या आत होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्या आजारात नुसतं लक्ष ठेवणाऱ्यांचाही पंधरा वर्षांचा हिशेब असा निघतो, तिथे बारा महिन्यांच्या बायोप्सीवरून आयुष्य वाढलं असं कोणी म्हणू नये.

दुसरी त्रुटी जास्त बारीक आहे. प्रोस्टेटची गाठ नुसत्या लेझरनेही भाजता येते. तसे उपचार वेगळ्याने तपासले गेले आहेत. मग सोन्याने नेमकी किती भर घातली? उंदरांत कण नसलेला गट होता म्हणून ३७ विरुद्ध ९ हा फरक दिसला. माणसांत तसा गट ठेवला नाही. लेझरची ताकद बेताची होती यावरून सोन्याचा वाटा असणार असं मानता येतं, पण तो मोजलेला नाही.

गाठ शोधली कोणी

आता त्या दोन पक्ष्यांकडे. या चाचणीत गाठ शोधली ती एमआरआयने. तिची खात्री पटवली बायोप्सीने. लेझरचा तंतू कुठे टोचायचा हे ठरलं आधी काढलेल्या एमआरआयच्या प्रतिमा जागेवरच्या सोनोग्राफीशी जुळवून. काम फत्ते झालं का, हेही परत एमआरआयनेच सांगितलं. निदानाच्या बाबतीत सोन्याच्या कणाला कोणी काही विचारलंच नाही. त्याने एकच काम केलं आणि ते बरं केलं. माझ्या मते हे प्रकरण माणसापर्यंत पोहोचलं ते याचमुळे: कणावर दोन्ही कामं लादली नाहीत.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल का? मला नाही वाटत. त्यासाठी त्याच ग्रंथीच्या कर्करोगातलं दुसरं उदाहरण बघावं लागेल. २००३ मध्ये, म्हणजे उंदरांवरचा तो प्रयोग छापला गेला त्याच वर्षी, ८० प्रोस्टेट रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण असलेले लोहऑक्साइडचे नॅनोकण शिरेतून देऊन एमआरआय काढला होता. कर्करोग पसरलेल्या लसीकाग्रंथी ओळखण्याची संवेदनशीलता साध्या एमआरआयमध्ये ३५.४ टक्के होती, ती कणांमुळे ९०.५ टक्क्यांवर गेली. कर्करोगाच्या प्रतिमांकनात एवढी झेप क्वचितच दिसते.

पण ही झेप आली कशी? ते कण कर्करोगाच्या पेशींकडे गेलेच नव्हते. निरोगी लसीकाग्रंथीतल्या मॅक्रोफेज, म्हणजे परकं दिसेल ते गिळणाऱ्या भक्षक पेशी, ते कण खातात आणि ग्रंथी एमआरआयमध्ये काळवंडते. जिथे कर्करोगाने जागा बळकावली आहे तिथे भक्षक पेशी उरत नाहीत, कण शिरत नाहीत आणि तेवढा भाग उजळ राहतो. कण जिथे पोहोचला नाही, तीच खूण.

हीच भक्षक पेशींची भूक उपचाराच्या कणाची वैरी आहे. शिरेतून दिलेले कण बहुतेक करून यकृत आणि प्लीहा यांमधल्या भक्षक पेशींच्या तोंडी जातात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईगर्दीत बांधल्यासारख्या, झिरपणाऱ्या असतात आणि त्यातून कण गाठीत साचतात, हे १९८६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं तेव्हापासून सारी भिस्त त्या झिरपण्यावर होती. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक निघाला ०.७ टक्के. शंभर कण सोडावेत तर एखादाच पोहोचणार. सोन्याच्या कवचाचं या ०.७ टक्क्यावर भागतं, कारण लेझरचा तंतू नेमका तिथेच नेऊन ठेवलेला असतो. बाकीचं सोनं अंधारात निपचित पडून राहतं. प्रकाशाशिवाय हा कण निरुपद्रवी आहे, आणि त्याची खरी सुरक्षितता त्यातच आहे.

थोडक्या जागेत दोन कामांची ओढाताण अशी होते. निदानाच्या कणाने पटकन फरक दाखवावा आणि शरीरातून निघून जावं. उपचाराच्या कणाने रक्तात रेंगाळावं आणि गाठीत ठाण मांडावं. कॉर्नेल विद्यापीठात घडलेले सिलिकाचे सहा-सात नॅनोमीटरचे चकाकते कण २०१४ मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या पाच रुग्णांत तपासले गेले. किरणोत्सारी आयोडिन जोडलेले ते कण गाठी दाखवत होते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडत होते, कारण ते त्या गाळणीतून जाण्याइतके लहान होते. सोन्याच्या १५० नॅनोमीटरच्या कवचाला ती वाट बंद आहे.

आणि दोन कामं एकमेकांच्या पायात पाय घालतात तेव्हा काय होतं, त्याचं जर्मनीतलं उदाहरण तर मासलेवाईक आहे. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत अमिनोसिलेनचं आवरण असलेले लोहऑक्साइडचे कण थेट टोचून बाहेरून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे, असा तो उपचार. ६६ रुग्णांवरचा त्याचा अभ्यास २०११ मध्ये आला. लोहऑक्साइड खरं तर एमआरआयचा लाडका पदार्थ. पण इथे ते गाठीत इतकं दाट साचलं की त्या भागाचा एमआरआय विस्कटून जायचा, आणि गाठ वाढते की आक्रसते हे पाहायचं मुख्य साधनच हातचं गेलं. शिवाय रुग्णांच्या दातांतलं धातूचं भरण उपचाराआधी काढावं लागे, नाहीतर चुंबकीय क्षेत्रात तेही तापलं असतं.

हालास यांच्या गटाने हार मानलेली नाही. २०१७ मध्ये त्यांनी सोनं, त्यावर सिलिका, त्यावर पुन्हा सोनं असा एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांसारखा कण बनवून मधल्या सिलिकाच्या थरात गॅडोलिनियम भरलं, म्हणजे तो एमआरआयमध्येही दिसावा. रचना देखणी आहे. पण माणसांवरच्या चाचणीत एमआरआयने कणाच्या मदतीशिवायही गाठ दाखवलीच होती. या नव्या कणाने डॉक्टरांना वेगळं काय कळणार? मला सुचणारं एकच समर्थन पटण्यासारखं आहे: सोनं गाठीच्या कुठल्या भागात साचलं आणि कुठे साचलं नाही, हे लेझर सोडण्याआधी दिसेल. ते जमलं तर गाठ शोधण्याचं काम जुन्याच यंत्राकडे राहील आणि कण फक्त स्वतःचा पत्ता सांगेल. हे आश्वासन लहान आहे, पण माझा त्यावर जास्त विश्वास बसतो.

यकृतातल्या सोन्याचं काय? सोनं विरघळवणारं विकर शरीराकडे नाही, त्यामुळे ते बराच काळ तिथेच राहतं. प्राण्यांवरच्या दीर्घ तपासण्यांत त्याने इजा केल्याचं दिसलं नाही, आणि सत्तरीच्या माणसासाठी तेवढं आश्वासन पुरेसं म्हणता येईल. तिशीतल्या रुग्णाला हा कण देण्याआधी मी तरी आणखी बराच पुरावा मागेन.

राहिले ते बारा जण. प्रोस्टेटमधल्या गाठीची कड एमआरआयमध्ये दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात बऱ्याचदा पुढे गेलेली असते, हे काढलेल्या ग्रंथी तपासणाऱ्यांना जुन्या अनुभवाने ठाऊक आहे. तंतू एमआरआयच्या नकाशावर टोचला, उष्णता तंतूपासून दूर जाताना उतरत गेली, आणि कडेला सोनं विरळ असेल तर तिथे पेशी वाचायला जागा उरते. उपचारानंतर दोन-तीन दिवसांनी काढलेल्या एमआरआयमध्ये भाजलेली जागा रक्तपुरवठा तुटल्यामुळे काळ्या खळग्यासारखी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं की काम झालं. तिसऱ्या महिन्यात बायोप्सीची सुई त्या खळग्यात आणि त्याच्या काठावर टोचतात, तेव्हा कुठे उत्तर मिळतं.